‘ये’ म्हटल्याशिवाय

१

वनिता घराबाहेर पडताना कधी ‘जाते’ म्हणत नसे. तसं कुणीच म्हणत नाही, ‘येते’च म्हणतात. हुबळीच्या नवनगरातल्या त्यांच्या गल्लीत कानडी घरं जास्त. तिथल्या बायकाही गप्पा संपवून उठताना ‘बर्तीनि’ म्हणायच्या, म्हणजे पुन्हा येतेच. पण वनिताची तऱ्हा त्याहून वेगळी होती. रोज सकाळी ती धुळीसाठी तोंडाला स्कार्फ असा गुंडाळी की डोळे तेवढे उघडे राहत. चपला घालून पायरीवर उभी राही, आत वळून, मान जराशी कलती करून “येते गं, निधे” म्हणे, आणि धाकट्या बहिणीचं “ये” ऐकल्याशिवाय पायरी उतरत नसे. ती कामाला होती त्या बेलूरच्या कारखान्याची बस कोपऱ्यावर हॉर्न मारत असली तरी नाही.

“आणि मी दात घासत असले तर?” श्रीनिधीने एकदा विचारलं होतं.

“तर थुंकायचं आणि म्हणायचं. तू ‘ये’ म्हटलंस की मला यावंच लागतं. नाही म्हटलंस तर जाईन परस्पर कुठंतरी.”

“कुठं?”

“ते काय मला ठाऊक! जिथं कुणी ‘ये’ म्हणत नाही तिथं.”

श्रीनिधी दहावीत होती आणि घराबाहेर तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. दुकानात पेन घ्यायचं झालं तरी ती अक्काच्या पाठीमागे उभी राही आणि पाठीत बोट खुपसून हळूच रंग सांगे. मग अक्का खणखणीत आवाजात ते मागून घेई. घरात मात्र निधीची जीभ मोकळी सुटे. दिवसभरात तिला पुष्कळ काही दिसे, आणि ते सगळं संध्याकाळपर्यंत अक्कासाठी साठवून ठेवलेलं असे.

आता अक्काचं लग्न ठरत आलं होतं. झालं की ती मस्कतला जाणार होती. तिथल्या पायरीवर ती कुणाला ‘येते’ म्हणणार, हे निधीने अजून तिला विचारलं नव्हतं.

२

मुलगा मस्कतला नोकरीला. योगेश त्याचं नाव. त्याची आई, भारतीकाकू, मिरजेला. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे प्रवास बंद. म्हणून मुलगी बघण्याचा कार्यक्रम फोनच्या व्हिडिओवर झाला, आणि तो फसला. चित्र इतकं धुरकट की भारतीकाकू शेवटी म्हणाल्या, “मुलीला चुलीमागं बसवलीय काय हो?”

अप्पांना ते लागलं. हुबळीच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान. साधा पेलासुद्धा पुसून चकचकीत केल्याशिवाय ते गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत, आणि पोटची पोर धुरकट दाखवली! त्यांनी लगेच पुतण्याला बोलावलं. पुतण्या प्रभंजन लग्नाचे फोटो काढायचा.

रविवारी दुपारी प्रभंजन आला तो कॅमेऱ्याची पिशवी गळ्यात घालूनच. स्टँड कुणीतरी मागून नेला होता, म्हणून त्याने अप्पांचे स्टीलचे डबे एकावर एक रचले आणि त्यावर कॅमेरा ठेवला. कॅमेऱ्यातून एक वायर निघाली, ती पेनड्राइव्हएवढ्या एका डबीत गेली, आणि ती डबी लॅपटॉपला लागली.

“झालं. हा कॅमेरा आता वेबकॅम. लॅपटॉपला वाटतं, आपल्याला नवा डोळा फुटला.”

“पण त्याला दिसतंय का नीट?” आईने विचारलं.

“काकू, तुमच्या नाकातल्या चमकीत खडे किती ते सांगेल तो.”

“एकच हाय,” आई म्हणाली. “ते सांगायला कॅमेरा कशाला?”

खुर्च्या हॉलच्या मधोमध मांडल्या होत्या. त्यांच्या मागे एका अंगाला खिडकी, दुसऱ्या अंगाला अप्पांच्या दुकानाचं कॅलेंडर, आणि दोन्हींच्या मधे पुढचं उघडं दार. दारातून पायरीवरचं ऊन दिसत होतं. प्रभंजनने आधी निधीला बसवून बघितलं. पडद्यावरची निधी निधीलाच परकी वाटली. केसांचा भांग भलतीकडे गेला होता.

“मी उलटी दिसतेय,” ती पुटपुटली.

“उलटी नव्हे, सुलटी! फोन तुला आरशासारखं दाखवतो, म्हणून तुला त्याची सवय. हा कॅमेरा, बाकीचे लोक तुला बघतात तशी दाखवतो. मागं कॅलेंडरवरची अक्षरं बघ. दुकानाचं नाव सुलट वाचता येतंय ना? मग तूही सुलट.”

निधीला ते पटलं. डावं-उजवं तिला लिहिता हात उचलून बघितल्याशिवाय कळत नसे, त्यामुळे अशी एखादी खूण मिळाली की ती घट्ट धरून ठेवी. अक्षरं सुलट, तर माणूस सुलट.

मग अक्का आली. हिरवी इरकली नेसलेली, केसांत अबोली. फोटो म्हटलं की अक्काचं तोंड पडायचं. कुठलाही फोटो दाखवा, ‘ही मी नव्हेच’ म्हणायची. आताही ती नाखुशीनेच बसली आणि तिने पडद्याकडे बघितलं. बघितलं आणि तिचा चेहरा फुलला.

“अय्या! कसली छान दिसतेय मी! अगदी आरशात दिसते तशीच!”

“मग? कॅमेरा कुणाचा!” प्रभंजनने कॉलर ताठ केली.

सगळे हसले. निधीही हसली. पण भाताच्या घासात खडा लागावा तसं तिला काहीतरी लागलं. काय लागलं ते कळलं नाही.

३

कॉल सुरू झाला. आई अक्काच्या शेजारी, खिडकीच्या बाजूला बसली. अप्पा कॅमेऱ्याच्या मागे उभे, आणि निधी डब्यांच्या आडोशाला. तिथून तिला दोन्ही दिसत होतं. मान वर केली की खोली, खाली केली की पडदा.

खोलीत, अक्काच्या गालावरचा तीळ कॅलेंडरच्या बाजूला होता. पदरही त्याच खांद्यावर. तीळ, पदर आणि कॅलेंडर, तिन्ही एका अंगाला.

पडद्यावर कॅलेंडर जागच्या जागी होतं. दुकानाचं नाव सुलट. आईचा पदर आईच्याच खांद्यावर. पण अक्काचा तीळ आणि अक्काचा पदर खिडकीकडे होते. आईचा आणि अक्काचा पदर मधे एकमेकांना भिडला होता. खोलीत मात्र त्या दोघींच्या मधे अक्काचा उघडा दंड होता आणि हिरव्या बांगड्या होत्या.

निधीने डोळे मिटले आणि उघडले. मान वर, मान खाली. सेटिंग फिरलं असेल का? पण मग अक्षरंही उलटली असती. आईही उलटली असती. एकटी अक्का कशी उलटेल? आणि मघाशी लागलेला खडा तिला आता कळला. हा कॅमेरा लोकांना दिसते तशी दाखवतो, तर मग अक्का आरशात दिसते तशी का दिसत होती?

प्रभंजनचा शर्ट ओढावा असं तिला वाटलं. पण पडद्यावर परकी माणसं होती, आणि परक्या माणसांपुढे निधीचा हातही हलत नसे.

“आता कशी स्वच्छ दिसतेय पोरगी!” भारतीकाकू म्हणाल्या. “योगेश, बोल की काहीतरी. बसलाय बघा नुसता!”

मस्कतहून योगेशने घसा साफ केला. “तुम्ही, अं, चहा पिता का?”

“पिते की,” अक्का म्हणाली. प्रभंजनने हसू दाबलं ते नाकातून बाहेर पडलं.

“आणि हे काय?” भारतीकाकू पडद्याजवळ सरकल्या. “उजव्या गालावर तीळ आहे वाटतं? चांगला असतो हो उजव्या गालावरचा.”

आईचा हात नकळत उचलला गेला. तो अक्काच्या त्या गालाकडे निघाला होता जिकडे कॅलेंडर होतं. त्या गालाला आईने लहानपणी हळद लावली होती, तोंड पुसलं होतं, चापट मारली होती. आईला ठाऊक नसेल तर कुणाला? पण होणाऱ्या विहिणीला पहिल्याच बोलण्यात खोडून कोण काढणार? हात अर्ध्यातच मांडीवर आला.

“हो हो,” आई म्हणाली. “उजव्याच.”

पडद्यावरची अक्का हसली. खोलीतली अक्का खाली बघत होती. ती किंचित मागाहून हसली.

“मग आमचं ठरलं,” भारतीकाकू म्हणाल्या. “आम्हाला हीच मुलगी पसंत आहे.”

४

कॉल संपल्यावर घरात एकच गडबड उडाली. अप्पा आणि प्रभंजन पेढे आणायला बाहेर पडले. आई आणि अक्का स्वयंपाकघरात गेल्या. अक्का योगेशची नक्कल करत होती, “तुम्ही, अं, चहा पिता का?” आणि आई “हळू गं, ऐकू जाईल मस्कतला” म्हणून हसत होती.

“निधे, तो लॅपटॉप बंद कर,” अक्काने आतून सांगितलं.

निधी पुढे झाली. कॉल बंद होता, पण कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर तसंच चालू होतं. खुर्ची, खिडकी, कॅलेंडर, दार.

आणि खुर्चीत अक्का.

निधीने मान वर केली. खोलीतली खुर्ची रिकामी होती. बैठकीवर अबोलीचं एक फूल पडलं होतं. आतून अक्काचं हसणं ऐकू येत होतं.

चित्र अडकलं असणार, निधी स्वतःला म्हणाली. अडकतं कधी कधी. शाळेतल्या ऑनलाइन तासालाही बाईंचा चेहरा तोंड उघडं ठेवून अडकायचा. पण पडद्यावरचा खिडकीचा पडदा वाऱ्याने हलत होता. खोलीतलाही तसाच हलत होता, त्याच लयीत.

पडद्यावरची अक्का उठली. खिडकीकडच्या खांद्यावरचा पदर तिने नीट केला. मग सरळ कॅमेऱ्यात बघून मान जराशी कलती केली. तिचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण ते मान कलती करणं आणि मग ते थांबून राहणं निधीला रोजचं होतं.

सवय माणसाच्या आधी बोलते. निधीने काही ठरवलं नाही, तिला काही कळलंही नाही.

“ये,” ती म्हणाली.

पडद्यावरची अक्का पुढे चालत आली. पुढे, आणखी पुढे, इतकी की इरकलीच्या काठाने सगळं चित्र भरलं. मग काठ सरकला. खुर्ची रिकामी होती.

स्वयंपाकघरात हसणं मधेच तुटलं आणि एक पेला खणखणत फरशीवर पडला.

“अगं, लक्ष कुठाय?” आईचा आवाज. “मस्कतला पोचलीस काय एवढ्यात?”

निधी धावत गेली. अक्का पाठमोरी उभी होती. खाली वाकून तिने पेला उचलला, मग ती वळली आणि म्हणाली, “काय गं?”

गालावर तीळ होता. पण स्वयंपाकघरात कॅलेंडर नव्हतं, आणि कुठला गाल कुठला हे निधीला तेवढ्यात ठरवता आलं नाही.

५

दोघी बहिणी एकाच खोलीत झोपत. अक्का भिंतीकडे, निधी दाराकडे. अक्का उताणी झोपायची, त्यामुळे सकाळी डोळे उघडले की निधीला आधी तो तीळ दिसे. कित्येक वर्षं तिची सकाळ तिळापासून सुरू व्हायची.

सोमवारी तिने डोळे उघडले तेव्हा अक्का उताणीच झोपली होती. समोरचा गाल कोरा होता.

निधी कोपरावर टेकून हळूच उठली आणि तिने पलीकडे वाकून बघितलं. तीळ भिंतीकडे होता.

ती आईचा फोन घेऊन न्हाणीघरात गेली आणि अक्काचे फोटो काढून बघू लागली. एका फोटोत तीळ या गालावर, दुसऱ्यात त्या. काही फोटो अक्काने स्वतः काढलेले, आरशासारखे उलटे. काही दुसऱ्यांनी काढलेले, सुलटे. आणि बऱ्याच फोटोंमागे नुसती भिंत, एकही अक्षर नाही. लिहिता हात उचलून उचलून ती बघत राहिली. बघता बघता तिला काल खोलीत काय दिसलं तेही आठवेनासं झालं. तीळ कॅलेंडरकडे होता ना? की तिनेच तसं धरलं होतं?

“आई,” ती स्वयंपाकघरात जाऊन म्हणाली. “अक्काचा तीळ कुठल्या गालावर आहे?”

“उजव्या,” आईने पोळी उलटली. “कालच नाही का मी सांगितलं काकूंना?”

“पण खरा?”

“खरा म्हणजे? तीळ काय खोटा असतो?”

“लहानपणीसुद्धा उजव्याच?”

आई थांबली. तिचा हात तव्यावरून उठला, हवेतच एका गालाकडे गेला, तिथून दुसऱ्याकडे गेला. तिच्या कपाळाला आठी पडली. तेवढ्यात पोळी करपल्याचा वास आला.

“जा बघू. दात घास. सकाळी सकाळी डोकं नको खाऊस. आणि तो कॅमेरा प्रभंजन येईल न्यायला, डब्यांना धक्का लावू नकोस. अळणावरला लग्न आहे म्हणे त्याचं.”

“त्याचं?”

“फोटोचं गं!”

निधी तोंडात ब्रश घेऊन हॉलच्या दाराशी उभी राहिली. अक्का आवरून बाहेर आली. कारखान्याचा निळा कुर्ता, खांद्याला पिशवी. तिने स्कार्फ गुंडाळला, डोळे तेवढे उघडे ठेवले. चपला घातल्या. निधीने घाईघाईने अंगणाच्या कडेला चूळ थुंकली आणि तोंड मोकळं केलं.

अक्का पायरीवर थांबली नाही.

“जाते,” ती म्हणाली.

आणि उतरली. समोरच्या दारात हेमावतीअक्का रांगोळी घालत होत्या. त्यांच्याशी रोज दोन शब्द बोलून ‘बर्तीनि’ म्हटल्याशिवाय अक्का पुढे जात नसे. आज त्यांच्याकडे न बघता ती कोपऱ्याकडे गेली. हेमावतीअक्का रांगोळीची चिमूट तशीच धरून तिच्या पाठीकडे बघत राहिल्या.

६

आई अंघोळीला गेली होती. अप्पा दुकानाला. निधी डब्यांच्या मागे जाऊन बसली. वायर तशीच लावलेली होती. तिने लॅपटॉप उघडला आणि कॅमेऱ्याचं बटण दाबलं. प्रभंजन कॅमेरा घेऊन गेला की मग बघायलाच मिळणार नव्हतं. काय बघायचं होतं, ते मात्र तिचं तिलाही धड सांगता आलं नसतं.

कोपऱ्यात बॅटरीची खूण लाल होऊन लुकलुकत होती. चित्र आलं. खुर्ची. खिडकी. कॅलेंडर, अक्षरं सुलट. मधे उघडं दार.

दाराबाहेर, पायरीवर, अक्का उभी होती.

हिरवी इरकली. केसांत कालची, सुकलेली अबोली. पदर कॅलेंडरच्या बाजूला. ती आत बघत होती, पण उंबऱ्यावर पाऊल टाकत नव्हती. मान जराशी कलती करून ती नुसती थांबली होती. रात्रभर थांबल्यासारखी थकून.

निधीने मान वर केली. खऱ्या दारातून खरी पायरी दिसत होती. पायरीवर ऊन होतं, आणि कुणी नव्हतं.

मान खाली. अक्काचे ओठ हलले.

जिथं कुणी ‘ये’ म्हणत नाही तिथं.

निधी उठून उभी राहिली. वर्गात हजेरीलाही जिचा आवाज बाईंच्या टेबलापर्यंत पोचत नसे, ती मुलगी पोटापासून ओरडली.

“ये! अक्का, ये!”

समोर हेमावतीअक्कांच्या हातातली रांगोळीची वाटी खाली पडली. “एन आतव्वा?” त्या गल्लीतून ओरडल्या. काय झालं गं पोरी?

पडद्यावर अक्काने पाऊल उचललं. त्याच वेळी लाल खूण विझली आणि चित्र काळं झालं.

बाहेर फाटक वाजलं. चपलांचा आवाज आला, ओळखीचा, रोजचा. निधी डब्यांच्या आडून पुढे आली.

दारात अक्का होती. निळा कुर्ता, खांद्याला पिशवी, तोंडाला स्कार्फ, डोळे तेवढे उघडे. ती उंबऱ्याशी येऊन थांबली.

“मला हाक मारलीस?”

“स्कार्फ काढ,” निधी म्हणाली.

“का गं?” स्कार्फच्या आत आवाज हसला. “काढते की. पण आधी ते म्हण बघू परत. कोपऱ्यावर होते ना, नीट ऐकू नाही आलं.”

तिने गाठीला हात घातला. गाठ सोडताना ती जराशी बाजूला कलली, आणि तिच्या पाठीमागची पायरी निधीला दिसली. पायरीवर हिरव्या इरकलीचा काठ होता. काठाखाली दोन अनवाणी पावलं होती, उन्हात स्थिर, पुढे यायला उत्सुक. ती वर चढत नव्हती, कारण वाटेत जागा नव्हती.

“म्हण की, निधे,” दारातली म्हणाली.

निधीच्या तोंडात तो शब्द आलेलाच होता. तिला तो म्हणायचा होता, अगदी जिवापासून म्हणायचा होता. पण दार एकच होतं, आणि म्हटलं की उंबऱ्याशी उभी होती तीच आधी आत येणार होती.